विकारविलसितापासून हिंदी बोलपटापर्यंत

१८८२ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत पुण्याचे दोन तरुण संपादक दाखल झाले. दोघांचें वय सव्वीस वर्षांचें. दोघेहि पदवीधर, आणि सरकारी नोकरीचा सुखाचा मार्ग जाणूनबुजून सोडलेले. एक बाळ गंगाधर टिळक व दुसरे गोपाळ गणेश आगरकर. शिक्षा चार महिन्यांच्या साध्या कैदेची होती. सूट मिळून एकशें एक दिवसांनीं, २६ ऑक्टोबरला, ते बाहेर आले. या एकशें एक दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें स्वतंत्र पुस्तकांत सांगितली व ती महाराष्ट्रांत पुष्कळांनीं वाचली. परंतु त्या कोठडींत आणखी एक काम चाललें होतें, त्याकडे थोड्यांचें लक्ष जातें. लिहिण्यावाचण्याची सवलत मिळाल्यावर आगरकर शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’चें मराठी भाषांतर करीत बसले होते. ‘विकारविलसित’ या नांवानें तें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें.

याच नाटकावरून पुढें हिंदी चित्रपट निघाले, आणि त्यांतील तीन तरी ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत: १९३५ चा, १९५४ चा व २०१४ चा. त्यांचा इतिहास सांगतांना तुरुंगांतील कोठडीपासून आरंभ करणें कित्येकांस आडवळणाचें वाटेल. पण हें आडवळण नव्हे. हिंदी पडद्यावर या राजपुत्राचें जें कांहीं झालें, तें मराठी रंगभूमीवर त्याचें काय झालें होतें हें पाहिल्याशिवाय उमजत नाहीं.

कथानक बहुतेकांच्या परिचयाचें आहे. डेन्मार्कचा राजा अकस्मात् मरतो. त्याचा भाऊ गादीवर बसतो आणि दोन महिने होतात न होतात तोंच विधवा राणीशीं लग्न लावतो. मृत राजाचें भूत मुलाला सांगतें कीं, आपला खून या भावानेंच केला, त्याचा सूड घे. मुलगा वेडाचें सोंग घेतो, विचार करतो, थांबतो, पुन्हा विचार करतो. आणि अखेर सूड उगवतो तेव्हां आई, काका, प्रेयसी, तिचा बाप, तिचा भाऊ व तो स्वतः, सारेच नाहींसे झालेले असतात. १६०० सालच्या सुमारास लिहिलेलें हें नाटक १६०३ सालीं प्रथम छापलें गेलें. १६०७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजावर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशीं, खलाशांनीं त्याचा प्रयोग केला असें सांगतात. कांहीं पंडित त्या नोंदीविषयीं शंका घेतात. खरें असल्यास हिंदुस्थानच्या वाटेला हा राजपुत्र कंपनीबरोबरच लागला म्हणावयाचें.

आगरकर तुरुंगांत कां गेले हें येथें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें वारले. त्यांच्या मागें दत्तक घेतलेला मुलगा चौथे शिवाजी या नांवानें १८७१ सालीं गादीवर आला. तेव्हां त्याचें वय आठ वर्षांचें होतें. तो वयांत येऊं लागला तसतसें त्याच्या बुद्धीस भ्रम झाल्याचें सांगण्यांत येऊं लागलें, आणि कारभार दुसऱ्यांच्या हातीं राहिला. महाराज खरेच वेडे आहेत, कीं त्यांना वेडे ठरवून छळलें जात आहे, हा प्रश्न त्या काळीं महाराष्ट्रभर माजघरापासून चावडीपर्यंत बोलला जाई. ‘केसरी’नें व ‘मराठा’नें कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर उघड आरोप केले, त्या लेखनांत कोल्हापूरच्या राजपुत्राचे हाल पाहून हॅम्लेटची आठवण काढलेली होती. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी व्यक्त केली, तरी शिक्षा टळली नाहीं. त्यांच्या खटल्याच्या खर्चासाठीं विद्यार्थ्यांनीं नाटक करून पैसा उभा केला, आणि त्यांत स्त्रीभूमिका करणारा एक विद्यार्थी पुढें नामदार गोखले म्हणून प्रसिद्धीस आला, अशी आख्यायिका आहे.

तेव्हां वेडा ठरविलेल्या एका तरुण राजासाठीं लिहिलें म्हणून कैद झालेला माणूस कैदेंत बसून वेडाचें सोंग घेणाऱ्या राजपुत्राचें नाटक मराठींत उतरवीत होता. यांत योगायोग किती आणि हेतु किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें. भाषांतर छापून झालें त्याच वर्षाच्या अखेरीस, २५ डिसेंबर १८८३ रोजीं, अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवलेले शिवाजी महाराज पहाऱ्यावरील ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. वय वीस वर्षांचें. त्यांच्या मागून कागलच्या घाटगे घराण्यांतील मुलगा दत्तक घेतला गेला; तेच राजर्षि शाहू छत्रपति होत.

आगरकरांना शेक्सपीअरची गोडी लागली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत, असें सहज म्हटलें जातें. पण तेवढ्यानें वऱ्हाडाचा वांटा बुडतो. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचा हा निर्धन मुलगा शिक्षणासाठीं वणवण करीत अकोल्यास आला आणि तेथील हायस्कुलांतून १८७५ सालीं मॅट्रिक झाला. अकोल्यास त्याला हात देणारे शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी स्वतः शेक्सपीअरचे भाषांतरकार. ‘सिंबेलाइन’वरून त्यांनीं केलेलें ‘तारा’ हें नाटक १८७९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९०७ सालीं पुण्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांना मिळालें. म्हणजे मराठी ‘हॅम्लेट’चें मूळ कोठें शोधावयाचें तर डोंगरीच्या कोठडीच्या आधीं अकोल्याच्या शाळेंत एकदां डोकावलें पाहिजे.

अकोला खालच्या पायनघाटांतलें, आगगाडीच्या रस्त्यावरचें. त्याच वऱ्हाडांतील मेहकर हें घाटावरचें गांव, पैनगंगेच्या कांठचें. १८७० सालीं खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा गेला. मेहकरास आगगाडी कधींच आली नाहीं. गेल्या शतकांतील नाटक मंडळ्यांचा संसार मोठा असे. पडदे, पेट्या, कपडेपट, आचारी, पन्नासपाऊणशें माणसें. हा सारा पसारा आगगाडीच्या वाटेनेंच हिंडे. मेहकरसारख्या गांवीं मोठें नाटक येण्याआधीं नाटकाचें पुस्तक येई. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढें चित्रपटाच्या पेटीला आगगाडी लागली नाहीं, ती मोटारीनेंहि जाऊं लागली.

‘विकारविलसित’ हें नांवच आगरकरांनीं नाटकाचा काय अर्थ लावला तें सांगतें. विकार म्हणजे मनोविकार, आणि त्यांचें विलसित म्हणजे त्यांचा खेळ. सूड, खून, रक्त यांपैकीं कांहींच त्या नांवांत नाहीं. नाटकाची रणभूमि राजवाडा नसून माणसाचें मन आहे, ही समजूत त्या एका शब्दांत आली. त्यांनीं पात्रांना आपल्याकडचीं नांवें दिलीं; हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. कथानक मात्र मोडलें नाहीं, शेवट गोड केला नाहीं. संस्कृत नाटकांची परंपरा शेवटीं सर्वांचें भलें करण्याची. ‘ऊरुभंगा’सारखा एखादा अपवाद. अशा परंपरेंत वाढलेल्या प्रेक्षकांपुढें प्रेतांच्या राशीवर पडणारा पडदा ठेवणें हें त्या काळीं धाडसच होतें.

हें धाडस रंगभूमीवर निभावलें तें शाहूनगरवासी नाटक मंडळीनें. साताऱ्याची ही मंडळी १८८१ सालीं निघाली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालींच रंगभूमीवर आलें होतें, आणि सारा महाराष्ट्र पदांच्या मागें लागला होता. अशा वेळीं शाहूनगरवासी मंडळी गद्य नाटकें करून उभी राहिली, हें विशेष. तिचे नायक गणपतराव जोशी हे शाळेंत फारसे शिकलेले नव्हते. प्रोफेसर वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्यासारख्या जाणत्या माणसांनीं तालमी घेऊन शेक्सपीअरचा अर्थ त्यांच्या गळीं उतरविला, आणि गणपतरावांनीं तो असा पचविला कीं चंद्रसेन म्हणजे गणपतराव हें समीकरण त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२२ सालापर्यंत, महाराष्ट्रांत कायम राहिलें. त्यांच्यासमोर स्त्रीभूमिका बाळाभाऊ जोग करीत. हार्मोनियम नाहीं, पदें नाहींत; एक माणूस रंगमंचावर उभा राहून जगावें कीं मरावें याचा विचार मोठ्यानें करतो, आणि हजार माणसें श्वास रोधून ऐकतात. त्या काळच्या आठवणी वाचतांना स्वगताचा उल्लेख हटकून येतो, देखाव्यांचा क्वचित्.

पण या यशाच्या पोटांत एक अवघड गांठ होती. चंद्रसेनाचें अर्धें दुःख बापाच्या खुनाचें. अर्धें आईच्या पुनर्विवाहाचें. आणि भाषांतरकार कोण, तर विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते आगरकर! विधवाविवाहाचा कायदा १८५६ च्या जुलै महिन्यांत झाला, आणि त्याच महिन्यांत आगरकर जन्मले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध ज्यानें पुढें आयुष्यभर लेखणी झिजविली, त्यानेंच विधवेच्या लग्नावर आग पाखडणाऱ्या मुलाचीं भाषणें मराठींत आणलीं. थिएटरांत बसलेल्या सनातनी प्रेक्षकाला तें भाषण ऐकून काय वाटत असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. सुधारकाच्या तोंडूनच सुधारणेचा धिक्कार ऐकल्यासारखें त्याला वाटलें असेल. वास्तविक चंद्रसेनाचा राग विधवेनें लग्न केलें याचा नाहीं. घाईचा आहे, आणि ज्याच्याशीं केलें त्याच्याविषयींचा आहे. शिवाय सगळा समाज एका मापाचा नव्हता. मराठी मुलखांतील पुष्कळ जातींत पाटाची चाल जुनीच होती, आणि उत्तर हिंदुस्थानांत कित्येक ठिकाणीं विधवेनें दिराशीं लग्न करणें हाच रिवाज होता. अशा घरांतून आलेल्या प्रेक्षकाला राणीचा अपराध पुण्याच्या वाड्यांतील प्रेक्षकाइतका भयंकर कसा वाटावा? एकच नाटक, पण जातीजातीगणिक आईची कसोटी निराळी. ही गांठ मराठी रंगभूमीनें सोडविली नाहीं. गणपतरावांच्या आवाजानें ती झांकली गेली एवढेंच. हिंदी चित्रपटांपुढें ती पुन्हा उभी राहिली.

मराठींत चंद्रसेन गाजत असतांना मुंबईच्या पारशी मंडळ्यांनींहि हाच राजपुत्र आपलासा केला. लखनौचे मुन्शी मेहदी हसन ‘अहसन’ यांनीं १८९८ च्या सुमारास उर्दूंत ‘खून-ए-नाहक’ लिहिलें. नांवाचा अर्थ अन्यायाचा खून. ‘विकारविलसित’ आणि ‘खून-ए-नाहक’ हीं दोन नांवें शेजारीं ठेवून पाहावीं. एकानें मनाकडे बोट दाखविलें, दुसऱ्यानें रक्ताकडे. पारशी रंगभूमीची रीतच तशी होती: गाणीं हवींत, विनोदाचा स्वतंत्र प्रवेश हवा, शेर हवेत, आणि पडदा फाटतो कीं काय असा आवाज हवा. नाकें मुरडून ही रीत टाकाऊ ठरविणें मराठी टीकाकारांना सोपें गेलें. पण याच रीतीनें शेक्सपीअर लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत नेला, हें विसरतां येत नाहीं. मराठी मंडळ्यांची धांव मराठी बोलणाऱ्या मुलखापुरती. १९२८ सालीं ‘खून-ए-नाहक’ या नांवाचा मूकपटहि निघाला, आणि त्याचे दिग्दर्शक के. बी. आठवले हे होते. स्वगतांनीं भरलेलें नाटक मुक्यानें दाखविणें ही कल्पना आज विचित्र वाटते. परंतु युरोपांतहि सारा बर्नहार्टनें १९०० सालीं व आस्टा नील्सेननें १९२१ सालीं हेंच केलें होतें, आणि त्या दोघी तर स्त्रिया असून हॅम्लेट झाल्या होत्या. आपल्याकडे पुरुष राणी होत. तिकडे स्त्रिया राजपुत्र झाल्या!

बोलपट आल्यावर पहिलें पाऊल सोराब मोदींनीं टाकलें. १८९७ सालीं जन्मलेला हा पारशी तरुण सोळाव्या वर्षीं ग्वाल्हेरास भावाबरोबर चित्रपट दाखवीत असे. मग नाटक मंडळी घेऊन गांवोगांव हिंडला आणि शेक्सपीअरच्या उर्दू भूमिकांत मुरला. नाटकांचे दिवस संपत आल्याचें ओळखून त्यानें स्टेज फिल्म कंपनी काढली, आणि १९३५ सालीं ‘खून का खून’ हा बोलपट प्रसिद्ध केला. संहिता ‘अहसन’ यांचीच. नांवांत आतां मन तर नाहींच, न्याय-अन्यायहि नाहीं. रक्ताला रक्त, एवढाच हिशेब उरला. स्वतः मोदी हॅम्लेट. ओफेलियाच्या भूमिकेंत नसीम बानू ही शाळेंत शिकणारी मुलगी प्रथमच पडद्यावर आली. चित्रपटांत काम करण्यास घरून विरोध होता. मुलीनें अन्नत्याग केला तेव्हां कोठें आईनें परवानगी दिली, असें सांगतात. आणि ती आई, गाण्याबद्दल प्रसिद्ध असलेली शमशादबाई, त्याच बोलपटांत राणी झाली. ज्या राणीचें सोंग साताऱ्याच्या मंडळींत पुरुष घेत, त्या राणीच्या व ओफेलियाच्या जागीं आतां सख्ख्या मायलेकी उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांत रंगभूमीचें काय झालें याची याहून बोलकी खूण नाहीं.

हा बोलपट म्हणजे बहुतांशीं नाटकाचेंच चित्रण होतें. कॅमेरा प्रेक्षकांत बसल्यासारखा. तरीहि त्याचें एक स्थान आहे: लॉरेन्स ऑलिव्हिएचा गाजलेला इंग्रजी बोलपट १९४८ चा, त्याच्या तेरा वर्षें आधीं हें नाटक पूर्ण लांबीच्या बोलपटांत आणण्याचा मान हिंदुस्थानी भाषेकडे जातो. आज त्याची प्रत उपलब्ध नाहीं. जाहिराती, कांहीं छायाचित्रें व आठवणी एवढ्यावर समाधान मानावें लागतें. मोदींच्या वाणीची एक गोष्ट मात्र अजून सांगितली जाते. त्यांच्या ‘शीशमहल’ या १९५० सालच्या चित्रपटाच्या वेळीं पुढच्या रांगेंतील एक गृहस्थ डोळे मिटून बसलेला त्यांना दिसला. चित्रपट कंटाळवाणा झाला असें समजून त्यांनीं तिकिटाचे पैसे परत देवविले. तेव्हां कळलें कीं, तो अंध असून केवळ मोदींचा आवाज ऐकण्यासाठीं आला होता. गणपतरावांच्या श्रोत्यांना ही गोष्ट पटली असती.

१९५४ सालचा ‘हॅम्लेट’ किशोर साहूंचा. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकहि तेच. त्यांचा जन्म १९१५ सालचा, छत्तीसगडांतला. पदवी नागपूर विद्यापीठाची. १९५४ सालीं मेहकर, नागपूर आणि छत्तीसगड हे सारे एकाच राज्याचे भाग होते हें आजच्या पिढीला नवल वाटेल. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचेंच तें मध्यप्रदेश राज्य, राजधानी नागपूर, आणि कारभाराच्या भाषा हिंदी व मराठी. १९५६ च्या नोव्हेंबरांत बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यांत गेला व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. म्हणजे किशोर साहू हा वऱ्हाडच्या सुशिक्षित घरांना परका माणूस नव्हता. ज्या विद्यापीठाच्या परीक्षांना त्यांचीं मुलें बसत, तेथलाच तो पदवीधर. ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘जीवन प्रभात’मध्यें १९३७ सालीं देविकाराणीबरोबर आलेला हा नट पुढें ‘वीर कुणाल’, ‘सिंदूर’, ‘नदिया के पार’ अशा चित्रपटांचा दिग्दर्शक झाला. ‘सिंदूर’चा विषय विधवाविवाहच होता, ही गोष्ट येथें नमूद करण्याजोगी आहे.

अशा माणसाकडून राणीची गांठ सुटावी अशी अपेक्षा कोणी केली असती तर ती वावगी नव्हती. ती सफळ झाली नाहीं. साहूंनीं नांव मूळचें ठेवलें, पात्रें मूळचीं ठेवलीं, पोषाख परदेशी ठेवले, आणि तोंडीं उर्दू घातली. ओफेलिया झाली माला सिन्हा, तेव्हां अगदीं नवी. राणी व्हीनस बॅनर्जी. दुष्ट काका हिरालाल. संगीत रमेश नायडूंचें व गीतें हसरत जयपुरींचीं. धुकें, दगडी जिने, लांब सांवल्या या सर्वांवर ऑलिव्हिएच्या चित्रपटाची छाया इतकी दाट आहे कीं ती न पाहूं म्हटलें तरी दिसते. साहूंचा अभिनय संयमी आहे. विद्वत्ता आहे, कष्ट आहेत, मूळ नाटकाविषयीं आदर तर कांकणभर अधिकच आहे. आणि हाच आदर आड आला असें वाटतें. आगरकरांनीं राजपुत्राला चंद्रसेन केलें तेव्हां तो आपल्या घरचा झाला. साहूंनीं त्याला हॅम्लेट राहूं दिलें तेव्हां तो पाहुणाच राहिला. पाहुण्याच्या आईनें कोणाशीं लग्न केलें याचें घरच्यांना काय सोयरसुतक! राणीचा प्रश्न सुटला नाहीं. तो कोणाला पडलाच नाहीं.

स्वगताचेंहि असेंच झालें. रंगभूमीवर नट प्रेक्षकांना विश्वासांत घेऊन बोलतो. पडद्यावरचें माणूस बोलतें तेव्हां तें कोणाशीं बोलतें? ऑलिव्हिएनें युक्ति केली: ओठ मिटलेले, चेहरा समोर, आणि विचार पार्श्वभूमीवरून ऐकूं येणारे. ही युक्ति इंग्रजींत शोभली, कारण तेथें चित्रपटाला मौन चालतें. हिंदी चित्रपटांत मनांतलें बोलणें सांगण्याचें साधन पूर्वींपासून ठरलेलें होतें, आणि तें म्हणजे गाणें. घाटावरच्या आडगांवालाहि गाण्याचें सामर्थ्य ठाऊक होतें, मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजांत ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर गेली, तीहि आगगाडीवांचूनच. साहूंच्या चित्रपटांत गाणीं आहेत. पण राजपुत्राच्या मनाचें ओझें त्यांनीं उचललें नाहीं. स्वगत एकीकडे, गाणें दुसरीकडे. चित्रपट चालला नाहीं. किशोर साहू मात्र थांबले नाहींत. १९६० चा ‘दिल अपना और प्रीत पराई’ त्यांचाच, आणि १९६५ च्या ‘गाइड’मधील उत्खननांत बुडालेला शुष्क पति मार्को हीच त्यांची ओळख पुढें पुष्कळांच्या ध्यानांत राहिली. १९८० सालीं ते वारले.

त्यानंतर साठ वर्षें गेलीं. २ ऑक्टोबर २०१४ रोजीं विशाल भारद्वाज यांचा ‘हैदर’ प्रसिद्ध झाला. ‘मॅकबेथ’वरून ‘मकबूल’ व ‘ऑथेल्लो’वरून ‘ओंकारा’ त्यांनीं आधीं केले होतेच. देवलांचा ‘झुंजारराव’ १८९० सालचा, तेव्हां ऑथेल्लोला उत्तर प्रदेशचा गुंड करण्याआधीं मराठी रंगभूमीनें त्याला मराठा सरदार करून पाहिलें होतें, इतकें जातां जातां सांगितलें म्हणजे पुरे. ‘हैदर’ची कथा बशारत पीर यांच्याबरोबर लिहिलेली, काळ १९९५ चा, स्थळ काश्मीर. राजा नाहीं, राजवाडा नाहीं. एक डॉक्टर आहे. घरांत एका बंडखोरावर उपचार केल्यावरून लष्कर त्याला पकडून नेतें आणि मग तो कोठें आहे हें कोणी सांगत नाहीं. मुलगा परत येतो तों आई दिराच्या घरीं हंसतांना दिसते.

येथें आगरकरांच्या कोठडीपासून निघालेला धागा पुन्हा हातीं लागतो. शेक्सपीअरचें भूत कबरींतून येतें. ‘हैदर’मध्यें बापाचा निरोप बंदिखान्यांतून येतो, तेथें त्याच्याबरोबर असलेल्या माणसाच्या तोंडून. १८८२ च्या भाषांतरकाराला कैद हें नाटकाबाहेरचें सत्य होतें. येथें तें नाटकाच्या आंत शिरलें. वेडाचें सोंग घेतलेला हैदर श्रीनगरच्या लाल चौकांत दोरी गळ्यांत अडकवून जमावापुढें बोलतो, म्हणजे स्वगताला पुन्हा श्रोते मिळाले. आणि राजाचें पाप उघड करण्यासाठीं मूळ नाटकांत जो नाटकांतला नाटकप्रयोग येतो, त्याच्या जागीं मार्तंडाच्या सूर्यमंदिराच्या भग्नावशेषांपुढें एक नाच-गाणें येतें. बाहुल्या, ढोल, आणि काकाच्या तोंडावर केलेला आरोप. साहूंना जें साधलें नाहीं तें येथें साधलें: गाणें कथेच्या बाजूला उभें न राहतां तिचा कणा झालें. पारशी मंडळ्यांची ती बदनाम रीत अखेर उपयोगी पडली असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

राणीचें काय? तब्बूनें केलेली गझाला ही विधवा नाहीं, कारण नवरा मेला हें सिद्ध नाहीं. सवाष्ण नाहीं, कारण तो जिवंत आहे हेंहि सिद्ध नाहीं. काश्मीरांत अशा बायकांना एक नांवच पडलें आहे: अर्धविधवा. तिनें शोक किती दिवस करावा? लग्न करावें कीं नाहीं, आणि केलें तर किती दिवसांनीं केल्यास ती घाई नव्हे? १८८३ सालीं चंद्रसेनानें आईवर केलेल्या आरोपाला त्या आईकडून एवढें स्पष्ट उत्तर कधीं आलें नव्हतें. मुलाला ती आपलें म्हणणें ऐकवते, आणि तो ऐकतो, जरी क्षमा करीत नाहीं. शेक्सपीअरची राणी चुकून विषाचा पेला पिते. गझाला आपलें मरण स्वतः निवडते: बर्फानें झांकलेल्या कबरस्तानांत मुलाला वांचविण्यासाठीं ती अंगाला स्फोटकें बांधून दिराच्या माणसांपुढें जाते.

धुराळा खालीं बसतो तेव्हां काका जिवंत असतो, दोन्ही पाय गेलेले, मरण मागत असलेला. हैदरच्या हातांत बंदूक आहे. तो थोडा वेळ उभा राहतो, आणि त्याला तसाच टाकून बर्फांतून चालूं लागतो.